मुखदूषिका, आक्मे आणि मुरूम : एका 'क्षुद्र' रोगाच्या नावांचा इतिहास

रोगाचे नाव हे केवळ ओळखीचे चिन्ह नसते. त्या रोगाकडे वैद्याने व समाजाने कोणत्या दृष्टीने पाहावे, ह्याचा निर्णय पुष्कळदा नावातच झालेला असतो. मराठीत ज्याला आपण मुरूम किंवा तारुण्यपीटिका म्हणतो, त्या विकाराचा इतिहास ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हा विकार प्राणघातक नाही. बहुतेकांना तो ऐन तारुण्यात कमीअधिक प्रमाणात होतो. आणि म्हणूनच त्यापासून होणारे दुःख दीर्घकाळ हिशेबात धरले गेले नाही. ते हिशेबात कसे आले, हे त्याच्या नावांच्या अनुरोधाने पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात ४४ क्षुद्ररोगांची गणना आहे. त्यांत 'मुखदूषिका' येते. कफ, वात व रक्त ह्यांच्यामुळे तरुणांच्या मुखावर सावरीच्या काट्यांसारख्या पिटिका उठतात, असे तिचे वर्णन आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात त्या घन, वेदनायुक्त आणि मेदगर्भ असल्याचे सांगितले. त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव वयात येताना वाढतो व रोमकूपाचे मुख बुजून तो आत साठतो, हे आज ज्ञात असल्यामुळे ह्या निरीक्षणाचे मोल अधिकच जाणवते. वर्णनात वय, स्थान व आकार हे तिन्ही आले आहेत. नाव मात्र ह्यांपैकी केवळ वयावरून किंवा आकारावरून पडलेले नाही. मुखाला दूषित करते ती मुखदूषिका. रुग्णाची हानी कोणती, हे त्या नावातच सांगितले आहे.

सुश्रुताच्या चिकित्सास्थानात 'यौवनातील पिडका' असाही निर्देश येतो. उत्तरकालीन वैद्यकात हाच वयोवाचक निर्देश 'युवानपिडका', 'तारुण्यपिटिका' अशा नावांनी रूढ झाला. हा बदल दिसावयास लहान असला तरी अर्थदृष्ट्या लहान नाही. दूषणाचा परिहार करावा लागतो. तारुण्य मात्र आपोआप सरते. तथापि 'क्षुद्र' म्हणजे उपेक्षणीय, असे प्राचीन वैद्यांनी मानले नव्हते. सुश्रुताने वमन आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी ह्यांचा लेप सांगितला आहे. विकार न शमल्यास कपाळावरील शिरेतून रक्त काढावे, येथपर्यंत वाग्भट जातो.

पाश्चात्त्य परंपरेतही वयाचाच संकेत प्रबळ ठरला. ग्रीक भाषेत दाढी फुटण्याच्या वयात चेहऱ्यावर येणाऱ्या पुरळास 'इऑन्थॉस' म्हणत. इ. स. च्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार केल्सस ह्याने आपल्या वैद्यकग्रंथाच्या सहाव्या भागात अशा पुटकुळ्यांवर उपचार करणे जवळजवळ मूर्खपणाचे आहे. परंतु स्त्रियांची आपल्या रूपाविषयीची काळजी काढून घेता येत नाही, अशा आशयाचे उद्‌गार काढले आहेत. रोग्याचे दुःख येथे स्त्रीस्वभावाच्या खाती जमा झाले. सहाव्या शतकातील आमिडा येथील एटियस ह्याच्या ग्रंथातील एका शब्दापासून आजचे 'ॲक्ने' हे नाव निघाले. मूळ शब्द 'आक्मे', म्हणजे टोक, शिखर किंवा आयुष्याचा बहर, असावा आणि नकलाकाराच्या हातून 'म'चा 'न' झाला असावा, असे बहुतेक कोशकार मानतात. हे मत ग्राह्य धरल्यास संस्कृत व ग्रीक ह्या दोन्ही परंपरांनी, परस्परांचा आधार न घेताही, एका विकाराला यौवनाचेच नाव दिले असे म्हणावे लागेल.

१८१३ साली लंडनच्या टॉमस बेटमन ह्याने आपला गुरू रॉबर्ट विलन ह्याच्या पद्धतीस अनुसरून त्वचारोगांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि 'ॲक्ने' हा शब्द वैद्यकात स्थिर झाला. पुरळाचे आकार व प्रकार काळजीपूर्वक वेगळे केले गेले. त्वचेची नोंद झाली, परंतु त्वचेच्या धन्याची झाली नाही. उलट ह्याच शतकात हा विकार असंयमाचे फळ असल्याची समजूत बळावली आणि दुःखाबरोबर लज्जाही पदरी आली.

खरा पालट विसाव्या शतकात झाला. १९४८ साली सल्झबर्गर व झेडन्स ह्या अमेरिकन वैद्यांनी, ह्या विकाराइतका मानसिक आघात व न्यूनगंड दुसरा कोणताही एक रोग निर्माण करीत नाही, अशा अर्थाचे प्रतिपादन केले. १९८६ साली इंग्लंडमध्ये कन्लिफ ह्याने मुरमांचा आणि बेकारीचा संबंध दाखविला. पुढे कार्डिफ येथे फिन्ले व त्याच्या सहकाऱ्यांनी ह्या दुःखाला मोजमाप दिले : १९९२ साली मुरमांसाठी पाच प्रश्नांची, तर १९९४ साली सर्व त्वचारोगांसाठी दहा प्रश्नांची प्रश्नावली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या १११ रुग्णांच्या अभ्यासात तर ह्या रुग्णांनी सांगितलेली सामाजिक व भावनिक हानी दमा, अपस्मार, मधुमेह अथवा संधिवात ह्यांच्या रुग्णांइतकीच असल्याचे आढळले. ज्यास केल्ससने मूर्खपणा म्हटले, ते अठराशेहून अधिक वर्षांनी अशा रीतीने आकड्यांत उतरले.

ह्या हानीला मराठीत नेमका शब्द कोणता? 'जीवनमान' म्हटले की आपल्यास मिळकत व राहणी आठवते. 'जीवनाची गुणवत्ता' हा प्रयोग अद्याप परिभाषेपुरताच आहे. बोलीतला 'मुरूम' रस्त्यावर पसरण्याच्या खड्याळ मातीचेही नाव आहे. तो खरबरीतपणा सांगतो, वेदना नव्हे. 'तारुण्यपीटिका' हा शब्द तर घराघरांत सांत्वनाचे काम करतो : वय सरले की जाईल. परंतु पुष्कळांचे मुरूम तिशीनंतरही राहतात, आणि गेलेल्या मुरमांचे व्रण तर वयाबरोबर जातच नाहीत. वेळीच उपचार केल्यास ते बव्हंशी टाळता येतात. म्हणून 'वय सरेल' हा सल्ला निरुपद्रवी नाही.

वयोवाचक नावाने विकाराचा काळ अचूक दाखविला, पण त्याची किंमत झाकली. प्रश्नावल्यांनी १९९० नंतर जे मोजले, त्याची जाणीव 'मुखदूषिका' ह्या जुन्या नावात पूर्वीच होती. वैद्यकीय परिभाषा घडविताना आपण शब्दांची व्युत्पत्ती पाहतो. तो शब्द रोग्याचे कोणते दुःख सांगतो आणि कोणते लपवितो, हेही त्याबरोबर पाहिले पाहिजे.