तळटीप १४ : ‘मांजरीची कपात’

१४. मांजरी बुद्रुक (जि. पुणे) येथील ऊस व साखर संशोधन संस्थेसाठी सदस्य कारखाने गाळपाच्या दर टनामागे देत असलेली वर्गणी. सहकारी कारखान्यांनी १९७५ साली ‘डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट’ या नावाने ही संस्था काढली. पुढाकार सांगलीचे काँग्रेस नेते वसंतदादा पाटील (१९१७–१९८९) यांचा, तोही मुख्यमंत्रिपद (प्रथम १९७७) मिळण्याआधीचा. वर्गणी कारखान्याच्या नावाने जमा होत असली, तरी ती निघते उसातूनच. म्हणूनच मजकुरातला शेतकरी तिला ‘कपात’ म्हणतो, आणि त्याचे फारसे चुकत नाही. दादांच्या निधनानंतर संस्था ‘वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट’ झाली. या प्रकरणात ‘दादा’ म्हणजे सर्वत्र वसंतदादाच. अजित पवार नव्हेत.