दिव्यांग बालकांचे वैद्यकीय मूल्यमापन

दिव्यांग बालकांचे वैद्यकीय मूल्यमापन म्हणजे बालकाची हालचाल, दृष्टी, श्रवण, भाषा, आकलन आणि सामाजिक वर्तन यांची पद्धतशीर तपासणी होय. विकासात विलंब आहे का, त्याचे कारण काय आणि बालकाला कोणते उपचार व साहाय्य आवश्यक आहे, हे या तपासणीतून ठरविले जाते. लहान बालक स्वतःची अडचण सांगू शकत नाही आणि दवाखान्यातील तपासणी अल्पकाळाची असते. त्यामुळे घरातील दीर्घ निरीक्षणावर आधारलेली पालकांची माहिती निदानाचा महत्त्वाचा आधार मानली जाते.

मूल्यमापनाचे टप्पे

मूल्यमापन सामान्यतः तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्राथमिक तपासणीद्वारे विलंबाची शक्यता असलेली बालके ओळखली जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत मान न धरणे, नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षापर्यंत न चालणे आणि आत्मसात केलेले शब्द वा कौशल्ये गमावणे ही पुढील तपासणीची कारणे ठरतात. या टप्प्यासाठी त्रिवेंद्रम विकास तक्त्यासारखी साधने भारतात वापरली जातात.

दुसऱ्या टप्प्यात सविस्तर निदान होते. बालरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ व वाचोपचारतज्ज्ञ यांचा त्यात सहभाग असतो. तिसऱ्या टप्प्यात उपचार व पुनर्वसनाची योजना आखली जाते आणि ठरावीक काळाने फेरतपासणी होते.

वेळेचे महत्त्व

काही स्थितींत विलंबामुळे होणारी हानी भरून काढता येत नाही. जन्मजात थायरॉइड न्यूनतेवर पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झाल्यास बौद्धिक अक्षमता बहुतांशी टाळता येते. अकाली जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत न झाल्यास टाळता येण्याजोगे अंधत्व येऊ शकते. श्रवणाबाबत पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

पालकांची भूमिका

गर्भारपण व प्रसूतीचा वृत्तांत, बाळ जन्मतः केव्हा रडले, झटके आले होते का, विकासाचा प्रत्येक टप्पा कोणत्या वयात गाठला, ही माहिती प्रामुख्याने पालकांकडूनच मिळते. अनोळखी जागी बालक घाबरते व नेहमीसारखे वागत नाही. म्हणून झटका किंवा विशिष्ट वर्तन यांचे घरी केलेले चित्रीकरण तज्ज्ञांना उपयोगी पडते. माता व बाल संरक्षण कार्ड, पूर्वीचे अहवाल आणि लेखी नोंदी सोबत ठेवणेही साहाय्यक ठरते.

मात्र निरीक्षण अचूक असले, तरी त्याचा अर्थ चुकीचा लावला जाऊ शकतो. पहिल्या वर्षातच बाळ एकच हात वापरू लागल्यास ते डावखुरे किंवा उजवे आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात ते दुसऱ्या बाजूच्या दुर्बलतेचे लक्षण असू शकते. थाळी वाजविल्यावर बाळ दचकले म्हणजे त्याला ऐकू येते, हा निष्कर्षही विश्वसनीय नाही, कारण कंपने किंवा हालचाल जाणवूनही बाळ प्रतिसाद देते. ‘मुलगे उशिरा बोलतात’ या समजुतीमुळे पालकांची रास्त शंका घरातच दडपली जाते. त्यामुळे पालकांनी व्यक्त केलेली चिंता हेच तपासणीचे पुरेसे कारण मानावे, असे बालविकासतज्ज्ञ सांगतात.

दिव्यांगत्वाचा दोष अनेकदा मातेवर ठेवला जातो. ग्रहणकाळात गर्भवतीने काही चिरल्यास बाळाचा ओठ दुभंगतो, या महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. अशा दोषारोपाच्या भीतीने माहिती लपविली गेल्यास निदान लांबते. म्हणून निदान सांगताना कारणांचे स्पष्टीकरण आणि कुटुंबाचे समुपदेशन हा मूल्यमापनाचाच भाग समजला जातो.

भारतातील व्यवस्था

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची तपासणी अपेक्षित आहे. नवजात बालकांची पाहणी रुग्णालयात व आशा स्वयंसेविकांमार्फत घरी होते. फिरती आरोग्य पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतात. विलंब आढळलेल्या बालकांना जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. १९९५ च्या कायद्यात ते सात होते. विहित प्राधिकाऱ्याने किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित केल्यास अधिनियमातील विशेष तरतुदी लागू होतात. अशा ६ ते १८ वर्षांच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वाढत्या वयात स्थिती बदलू शकत असल्याने बालकांना तात्पुरते प्रमाणपत्रही दिले जाते.

मर्यादा

टक्केवारीवरून शासकीय सवलतींची पात्रता ठरते. बालकाची क्षमता किंवा त्याच्या दैनंदिन गरजा त्यातून पूर्णपणे कळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यात्मक वर्गीकरणानुसार (२००१) शारीरिक दोषाबरोबरच बालक काय करू शकते, कशात सहभागी होते आणि परिसर त्याला कितपत पूरक आहे, हेही पाहिले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारानुसार (२००६) वय व परिपक्वता लक्षात घेऊन बालकाच्या स्वतःच्या मतालाही महत्त्व देणे आवश्यक आहे. त्यामुळे मूल वाढत जाते तसा निर्णयातील पालकांचा वाटा कमी होऊन बालकाचा वाढावा, अशी अपेक्षा असते.