महाभारत (दूरदर्शन मालिका)

दिल्लीच्या दूरदर्शनने २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात दर रविवारी सकाळी दाखवलेली ९४ भागांची हिंदी मालिका. निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शन बी. आर. चोप्रा आणि त्यांचे चिरंजीव रवी चोप्रा; पटकथा व संवाद राही मासूम रझा; सल्लागार व दोहेकार पंडित नरेंद्र शर्मा; संगीत राजकमल; शीर्षकगीताचा आवाज महेंद्र कपूर यांचा. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका ३१ जुलै १९८८ रोजी संपली आणि दोन महिन्यांत तिच्या जागी ही सुरू झाली. धनुर्विद्या, गदायुद्ध आणि मल्लयुद्ध यांत वाढलेल्या दोन घरांतील चुलतभावांचे वैर हा तिचा विषय. भारतीय दूरचित्रवाणीवर शस्त्रविद्येचे नाट्य इतक्या विस्ताराने त्याआधी कोणी उभे केले नव्हते. वैर कसे रुजते हे या मालिकेने अप्रतिम दाखवले; ते कसे सोडायचे असते, याकडे मात्र ती शेवटी शेवटी घाईने आली.

कथेची भूमी म्हणजे आजची दिल्ली आणि तिच्या भोवतीचे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र. इंद्रप्रस्थ म्हणजे पुराना किल्ला ही परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या किल्ल्याच्या तटाआत इंद्रपत नावाचे गाव नांदत होते. हस्तिनापूर मेरठ जिल्ह्यात आहे. तेथे बी. बी. लाल यांनी १९५०–५२ मध्ये उत्खनन केले आणि पुढे पुराना किल्ल्यातही केले. दोन्ही ठिकाणी चित्रित करड्या मृद्भांड्यांचे अवशेष मिळाले. त्यावरून महाभारतकाळ सिद्ध होतो की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. लाक्षागृहाचे वारणावत म्हणून बागपत जिल्ह्यातील बरनावा येथील टेकाड दाखवतात. गुरुग्राम हे द्रोणाचार्यांचे गाव मानले जाते. २०१६ मध्ये हरियाणा सरकारने गुडगाव हे नाव बदलून गुरुग्राम हेच नाव अधिकृत केले. कर्नालचे नाव कर्णाशी जोडलेले आहे. युद्ध टळावे म्हणून पांडवांनी मागितलेली पाच गावे कोणती, यावर लोकपरंपरा पानिपत, सोनिपत, बागपत, तिलपत आणि इंद्रपत अशी उत्तरे देते. ग्रंथातली नावे वेगळी आहेत. मराठी माणसाला या यादीतले पहिले नाव वाचताना १७६१ आठवल्याशिवाय राहत नाही. मालिकेचे चित्रीकरण मात्र मुख्यतः मुंबईच्या चित्रनगरीत झाले.

मालिकेच्या श्रेयनामावलीत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचा मुख्य आधार म्हणून उल्लेख आहे. विष्णु सीताराम सुखटणकर आणि श्रीपाद कृष्ण बेलवलकर हे तिचे प्रमुख संपादक. १९१९ मध्ये हाती घेतलेले हे काम १९६६ मध्ये पुरे झाले. प्रत्यक्षात पटकथेने या आवृत्तीशी अनेक ठिकाणी फारकत घेतली. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा द्रौपदी हसून आंधळ्या बापाचा उद्धार करते, हा मालिकेतला गाजलेला प्रसंग चिकित्सक आवृत्तीत नाही. तेथे भीम, अर्जुन आणि सेवक हसतात. सूतपुत्राला वरणार नाही असे स्वयंवरात सांगणारी द्रौपदी, केस रक्ताने धुण्याची तिची प्रतिज्ञा, गांधारीच्या दृष्टीने वज्र झालेला पण मांडीशी कच्चा राहिलेला दुर्योधन, यांपैकी काहीही त्या आवृत्तीच्या संहितेत आढळत नाही. हे प्रसंग उत्तरकालीन पाठांतून, संस्कृत नाटकांतून आणि कीर्तनकारांच्या तोंडून लोकांच्या मनात बसले होते. रझांनी लोकांच्या मनातले महाभारत घेतले. नाट्य म्हणून त्याचा फायदा झाला, पण एक नुकसानही झाले. द्रौपदीच्या एका हसण्यामुळे युद्ध पेटले असा समज घरोघर पक्का झाला आणि दुर्योधनाच्या मत्सराचा भार एका स्त्रीच्या जिभेवर गेला.

रझा हे गाझीपूर जिल्ह्यातले, ‘आधा गाँव’ या कादंबरीचे लेखक. मुसलमानाने महाभारत लिहावे का, असा आक्षेप घेणारी पत्रे आली तेव्हा, आपण गंगेचे पुत्र आहोत, या कथेवर आपल्याइतका हक्क कोणाचा, अशी त्यांची भूमिका होती. कथा ‘समय’ सांगतो ही कल्पना त्यांची. आवाज हरीश भिमाणी यांचा. हा निवेदक कोणाची बाजू घेत नाही. प्रत्येक पात्राने आपापल्या जागी काय चुकवले हे तो शांतपणे सांगतो, आणि त्यामुळे प्रेक्षकाला कौरवांचा सरसकट तिरस्कार करता येत नाही. नरेंद्र शर्मा यांचे फेब्रुवारी १९८९ मध्ये, मालिका चालू असतानाच निधन झाले.

गुरुकुल व रंगभूमी यांचे भाग मालिकेत सर्वांत सकस उतरले आहेत. स्पर्धा कशी जन्मते ते येथे दिसते. राजपुत्रांचे शिक्षण संपले. नगरजनांसमोर प्रात्यक्षिके चालू आहेत. अर्जुनाने सगळ्यांना थक्क केले आहे. तेवढ्यात कर्ण आखाड्यात उतरतो आणि अर्जुनाने केले ते सगळे करून दाखवतो. कृपाचार्य त्याचे कूळ विचारतात. कर्ण गप्प. दुर्योधन जागच्या जागी त्याला अंगदेशाचा अभिषेक करवतो. मग काठी टेकत, घामाघूम झालेला अधिरथ सारथी येतो, आणि अभिषेकाच्या पाण्याने भिजलेले मस्तक कर्ण त्याच्या पायांवर ठेवतो. भीम म्हणतो, तुला धनुष्य काय शोभणार, घोड्यांचा चाबूक धर. त्या एका वाक्याची किंमत युद्धाच्या सतराव्या दिवशी चुकवावी लागते. पंकज धीर यांनी हा कर्ण चढ्या आवाजात न करता दुखावलेल्या डोळ्यांनी केला. मराठी घरांत ‘मृत्युंजय’ कादंबरीमुळे कर्णाला आधीच जागा होती, म्हणून येथल्या प्रेक्षकाने त्यांना लगेच आपले म्हटले. पुढे कर्णाला आपला जन्म कळतो, तरी तो कृष्णाला सांगतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस; तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. कुंतीला तो अर्जुन वगळून चौघांना अभय देतो, म्हणजे काहीही झाले तरी तुझे पाच पुत्र राहतील. मैत्री, मातृप्रेम आणि प्रतिस्पर्ध्याविषयीचा आदर यांची ही गाठ व्यासांची. मालिकेने ती उसवू दिली नाही.

दुसरी साखळी द्रोणाची. बालमित्र द्रुपदाने अपमान केला म्हणून द्रोण शिष्यांकडून गुरुदक्षिणेत द्रुपदालाच बांधून मागतो. अर्धे राज्य परत देऊन तो म्हणतो, आता आपण मित्र. द्रुपद ही मैत्री स्वीकारत नाही. यज्ञ करून द्रोणाचा वध करणारा पुत्र मागून घेतो. तो धृष्टद्युम्न. दैव टळत नाही हे जाणून द्रोण त्यालाही अस्त्रविद्या शिकवतो. पंधराव्या दिवशी धृष्टद्युम्न द्रोणाचे मस्तक उडवतो, आणि त्याचा सूड अश्वत्थामा झोपलेल्या शिबिरावर उगवतो. अंबा आणि भीष्म, भीम आणि दुःशासन, अर्जुन आणि जयद्रथ या जोड्याही अशाच प्रतिज्ञेने बांधलेल्या. शपथ घेणाऱ्याला थांबण्याची वाट उरत नाही, हे रझांच्या पटकथेत भागामागून भाग स्पष्ट होत जाते. सुरेंद्र पाल यांचा द्रोण आणि मुकेश खन्ना यांचा भीष्म हे दोघे सगळे जाणूनही हात बांधून बसलेल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे झाले.

युद्धतंत्राच्या दृष्टीने मालिका साधी आहे. बाण आकाशात समोरासमोर येतात, प्रकाश पडतो, एक नाहीसा होतो. त्या काळातली साधने तेवढीच होती, आणि गावोगावच्या मुलांनी खराट्याच्या काड्यांचे बाण करून त्याला दाद दिली. गदायुद्ध मात्र नटांच्या शरीरावर उभे राहिले. भीम झालेले प्रवीण कुमार सोबती हे मुळात थाळीफेक आणि हातोडाफेक करणारे सीमा सुरक्षा दलातले खेळाडू. १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले आणि १९६८ व १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला. १९६७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता, म्हणजे पडद्यावरच्या भीमाकडे खरा ‘अर्जुन’ होता. ते पुढे दिल्लीत राहिले, २०१३ मध्ये वजीरपूर मतदारसंघातून आम आदमी पक्षातर्फे विधानसभा लढले आणि हरले. ७ फेब्रुवारी २०२२ रोजी दिल्लीतच वारले. पुनीत इस्सर यांच्या दुर्योधनासमोर ते उभे राहत तेव्हा दोन्ही गदा हलक्या आहेत हे प्रेक्षक विसरून जाई.

शेवटच्या गदायुद्धाचा नियम महत्त्वाचा आहे: नाभीच्या खाली प्रहार करायचा नाही. दुर्योधन आणि भीम दोघेही बलरामाचे शिष्य. कौशल्यात दुर्योधन सरस. अर्जुन स्वतःच्या मांडीवर थाप मारून भीमाला द्यूतसभेतली प्रतिज्ञा आठवून देतो आणि भीम मांडी फोडतो. बलराम नांगर उचलून भीमावर धावतो, कृष्ण त्याला आवरतो. शिकवणारा गुरू आपल्या विद्येचा असा वापर पाहून चिडतो आणि निघून जातो. विद्येला मर्यादा असते आणि सूड ती मर्यादा मोडतो. सबंध कथेचा निवाडा या एका प्रहारात आहे. केंद्र सरकारने १९६१ मध्ये खेळाडूंसाठी अर्जुन आणि १९८५ मध्ये प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य या नावांनी पुरस्कार सुरू केले. पहिल्याच वर्षी द्रोणाचार्य मिळालेल्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. बलरामाच्या नावाने एखादा पुरस्कार असता तर तो नियमासाठी उभ्या राहणाऱ्या पंचांना द्यावा लागला असता.

वैर सोडण्याचे प्रसंग मूळ ग्रंथात शेवटच्या पर्वांत येतात. पाच मुलांच्या वधानंतर द्रौपदी प्रायोपवेशनाला बसते आणि अश्वत्थाम्याचा मृत्यू मागते. भीम त्याच्या मस्तकावरचा मणी घेऊन येतो. तेव्हा, गुरूचा पुत्र तो मला गुरूच, माझे ऋण फिटले, असे म्हणून ती मणी युधिष्ठिराच्या मस्तकावर ठेवायला सांगते. भागवतात ती याहून पुढे जाते: मी रडते तशी त्याच्या आईने रडू नये, त्याला सोडा. जिच्या अपमानावर युद्ध उभे राहिले तीच पहिल्यांदा हात आखडते, आणि तिच्या तोंडी क्षमेचे तत्त्वज्ञान नाही, फक्त अश्वत्थाम्याच्या आईचा, कृपीचा विचार आहे. उलट धृतराष्ट्र आलिंगनाच्या मिषाने लोखंडी भीम चुरडतो आणि मग रडतो. त्याचा राग असा निर्जीव पुतळ्यावर संपतो. मालिका भीष्माच्या देहत्यागाशी आणि युधिष्ठिराच्या राज्याशी थांबली. त्यामुळे आश्रमवासिकपर्व पडद्यावर आलेच नाही. पंधरा वर्षे युधिष्ठिर वृद्ध धृतराष्ट्राला मानाने सांभाळतो, भीम मात्र आडून टोमणे मारतो. शेवटी म्हातारी माणसे वनात जातात, कुंतीही जिंकलेल्या मुलांना सोडून त्यांच्याबरोबर जाते. गंगेकाठी व्यास एका रात्रीपुरते मेलेले वीर परत आणतात, आणि कर्ण व पांडव, कौरव व पांडव मनात काही न ठेवता भेटतात. द्यूत आणि वस्त्रहरणाला भागामागून भाग देणाऱ्या मालिकेने या पर्वाला दोन रविवार दिले असते तर ती आजच्यापेक्षा मोठी ठरली असती. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने १९६७ मध्येच मराठी वाचकाला या उत्तरार्धाची ओळख करून दिली होती, म्हणून ही उणीव येथे अधिक जाणवते.

कृष्णाची भूमिका मुंबईचे नितीश भारद्वाज यांनी केली. ते शिक्षणाने पशुवैद्य, मराठी रंगभूमी व चित्रपटांतून आलेले. पुढे १९९६ मध्ये जमशेदपूरमधून खासदार झाले आणि ‘पितृऋण’ हा मराठी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. रूपा गांगुली (द्रौपदी) राज्यसभेत गेल्या. गजेंद्र चौहान (युधिष्ठिर) यांची २०१५ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी दीर्घ संप केला. अर्जुन झालेल्या फिरोझ खान यांनी पडद्यावर अर्जुन हेच नाव घेतले. शकुनी रंगवणारे गुफी पेंटल हेच पात्रनिवडीचेही काम पाहत होते.

प्रेक्षकांवरील परिणामाचा सर्वांत बारकाईचा अभ्यास दिल्लीतच झाला. मानववंशशास्त्रज्ञ पूर्णिमा मानकेकर यांनी दिल्लीच्या निम्नमध्यमवर्गीय वस्त्यांत बायकांसोबत बसून मालिकांविषयी चर्चा केली. त्यांचे पुस्तक १९९९ मध्ये आले. वस्त्रहरणाचा भाग या बायकांनी पुराण म्हणून पाहिला नव्हता. भर सभेत प्रश्न विचारणारी आणि उत्तर न मिळणारी द्रौपदी त्यांना स्वतःच्या घरात, बसमध्ये, कामाच्या जागी दिसत होती. तिचा संताप त्यांना रास्त वाटला.

याच निर्मात्यांची ‘महाभारत कथा’ (१९९७) ही पुढची मालिका उरलेल्या आख्यानांवर होती. ब्रिटनमध्ये मूळ मालिका बीबीसीने इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवली. १६ सप्टेंबर २०१३ पासून स्टार प्लसवर आलेली ‘महाभारत’ (स्वस्तिक प्रॉडक्शन्स, २६७ भाग) चित्रतंत्रात कितीतरी पुढे होती. शाहीर शेख अर्जुन आणि सौरभ राज जैन कृष्ण होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताच दूरदर्शनने चोप्रांची मालिका डीडी भारतीवर दुपारी व संध्याकाळी पुन्हा लावली, आणि १९८८ नंतर जन्मलेल्या मुलांनी ती आजी-आजोबांबरोबर बसून पाहिली.