कोंबडीचा विषाणू आणि कर्करोगाची पेशी

आपल्या कारंजा तालुक्यात कितीतरी घरी परसात कोंबड्या आहेत. मानमोडी आली की खुराडे कसे रिकामे होते, ते तुम्हांला सांगायला नको. विषाणू म्हणजे नुकसान, एवढेच आपल्याला ठाऊक. पण कर्करोगाच्या इतिहासात कोंबडी आणि तिचे विषाणू पुन्हा पुन्हा येतात.

१९११ साली न्यूयॉर्कच्या पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा रस गाळला. पेशी काढून टाकलेला तो रस दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही गाठ आली. विषाणूमुळे कर्करोग होतो, हे तेव्हा फारसे कुणी मानले नाही. नोबेल मिळाले १९६६ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी!

आपल्याकडे हा विषय धरला तो कमल रणदिवे यांनी. जन्म पुण्याचा, १९१७ चा. मुलीने डॉक्टर व्हावे असे वडिलांना वाटे. त्या वळल्या पेशींच्या अभ्यासाकडे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, देशातली पहिली. म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवायच्या. विरजणासारखी त्यांची ऊब सांभाळावी लागते, शिवाय बाहेरचा एक जंतूही आत जाऊ द्यायचा नाही. उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात विषाणूचा, आनुवंशिकतेचा, हार्मोन्सचा वाटा किती, हे त्यांनी तपासले. १९७३ साली महिला वैज्ञानिकांची संघटना काढण्यातही त्या पुढे होत्या. आपल्या भाषेत, शास्त्रज्ञ बायांचा गटच!

अशाच भांड्यांतल्या पेशींवर पुढचा शोध लागला, तो मात्र हॉलंडमध्ये. कोंबडीच्या पिलांना रक्तक्षय करणारा एक विषाणू आहे. त्याचे एक छोटे प्रथिन पेशीला मारते, असे १९९४ साली दिसले. नाव ठेवले ॲपॉप्टिन. पेशी आपणहून मरते त्या क्रियेला ॲपॉप्टोसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दात पानगळीचा अर्थ आहे. जुनी पाने गळावीत तशा आपल्या पेशी रोज गळतात. कर्करोगाची पेशी हे गळणेच विसरलेली असते. १९९७ साली माणसाच्या पेशींवर पाहिले, तेव्हा कर्करोगाच्या पेशी मेल्या, निरोगी पेशी वाचल्या. निरोगी पेशीत हे प्रथिन बहुतेक केंद्रकाबाहेरच राहते. कर्करोगाच्या पेशीत थेट केंद्रकात शिरते, आणि ती पेशी मरते.

आता कोणी विचारेल, ताई, हे औषध अकोल्याला मिळते का? नाही, आणि मुंबईलाही नाही. भांड्यातल्या पेशीपर्यंत प्रथिन पोचवणे सोपे. शरीरातल्या गाठीच्या प्रत्येक पेशीपर्यंत ते न्यायचे कसे, तिथे काम अडले आहे. कोणी विषाणूचे औषध म्हणून बाटली विकायला आला, तर गटातून कर्ज काढून ती घेऊ नका. तीस वर्षांवरच्या बायांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात मोफत असते. आपल्या उपकेंद्रात ती कोणत्या दिवशी होते, हे आशाताईंना विचारा.