जवारी आणि गिटारचा बिघडलेला आवाज

मन्नाएखेळ्ळीच्या आमच्या घरी, माळ्यावर, गेली कित्येक वर्षे एक तानपुरा गवसणीत पडून होता. 1952 साली वडिलांनी तो मिरजेहून आणला. मिरज ते कुर्डुवाडी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी, तेथून सोलापूरपर्यंत मोठी गाडी आणि पुढे नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद अशी हमरस्त्याने मोटार, हा त्याचा प्रवास वडील कौतुकाने सांगत. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून तो वाटभर मांडीवर धरला होता, हेही सांगायला विसरत नसत. गेल्या वर्षी रस्त्यावरच्या एका नव्या खाणावळीच्या मालकाने शोभेसाठी तो मागितला आणि मी जवळजवळ होकार दिला होता. तारांनी घोडीवर खाचा पाडल्या होत्या. दोरा कसाही सरकवला तरी स्वर बोलत नव्हता. जवारी गेलेला तानपुरा म्हणजे नुसते लाकूड आणि भोपळा, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

तो निर्णय फिरला, तो एका गिटारमुळे. अभियांत्रिकी शिकणारा माझा नातू दिवाळीच्या सुटीत विजेवरची गिटार आणि जाडजूड पुस्तकाएवढी एक पेटी घेऊन आला. या पेटीला ‘ॲम्प मॉडेलर’ म्हणतात. तिच्यातून निघणारा खरखरीत आवाज ऐकून मी म्हणालो, “बाळ, तुझे यंत्र बिघडलेले दिसते.” तो हसून म्हणाला, “आजोबा, बिघडलेला आवाज काढण्यासाठीच तर हे यंत्र घेतले.” कोणतेही प्रकरण पहिल्या कागदापासून वाचावे, ही कचेरीतली माझी जुनी खोड. म्हणून या बिघाडाचा इतिहास मी शोधू लागलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

विजेवरच्या गिटारची तार स्वतः फार थोडे बोलते. तारेच्या कंपनापासून विजेचा क्षीण प्रवाह तयार होतो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकरचा कागदी पडदा तो हवेत सोडतो. जुने ॲम्प्लिफायर आपल्या जुन्या रेडिओप्रमाणे व्हॉल्व्हचे असत. त्यांच्यावर झेपेल त्याहून अधिक भार टाकला की ध्वनिलहरींची टोके चेपली जातात आणि मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात. अभियंत्यांच्या लेखी हा दोष. वादकांच्या कानाला मात्र तो गोड लागला.

अमेरिकेत मार्टी रॉबिन्स यांच्या 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका गीतात ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा स्वर अचानक घोगरा होतो. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील बिघाड हे त्याचे कारण. तो भाग पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवला गेला. पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, तसाच स्वर मुद्दाम काढून देणारी ‘फझ-टोन’ नावाची पेटी बाजारात आली. 1964 साली इंग्लंडमधील ‘किंक्स’ या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी हव्या त्या आवाजासाठी स्पीकरचा पडदाच पात्याने चिरला. तीन-चार वर्षांत दोषाचा अलंकार झाला.

पुढची पायरी गणिताची. व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर जड, महाग आणि लवकर तापणारे. तेव्हा त्यांचे वर्तन आकड्यांत मांडून संगणकाच्या चिपवर उतरवावे, असा विचार पुढे आला. जपानच्या रोलँड कंपनीने 1995 साली या तत्त्वावरचे यंत्र आणले. कॅलिफोर्नियातील लाइन सिक्स कंपनीने 1996 साली तसा ॲम्प्लिफायर आणि 1998 साली ‘पॉड’ नावाची हातात मावणारी पेटी काढली. 2011 साली जर्मनीच्या केम्पर कंपनीचे यंत्र आले. ते खऱ्या ॲम्प्लिफायरमधून ठरावीक ध्वनी सोडते आणि बाहेर काय येते ते टिपून त्याची नक्कल बनवते. आज हे काम संगणकावरील मोफत आज्ञावलीही करते.

येथवर आल्यावर मला थांबावे लागले, कारण हे सारे आपल्या घरचेच आहे असे वाटू लागले. तानपुऱ्याची तार सरळ टोकदार पट्टीवर ठेवली तर स्वच्छ पण कोरडी बोलेल. आपल्या कारागिरांनी घोडी रुंद केली, तिला कानशीने अगदी हलका उतार दिला आणि तारेखाली दोरा सरकवला. त्यामुळे थरथरणारी तार घोडीला पुनःपुन्हा चाटून जाते आणि स्वरातून वरच्या स्वरांचे कारंजे उठते. कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तानपुरा आणि वीणा यांवर शोधनिबंध लिहिला. तार नेमकी मध्यावर छेडली तर काही उपस्वर उमटूच नयेत, असे तोवरचे शास्त्र सांगे. तानपुऱ्यात ते ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीच्या उतारात आहे, हे त्यांनी दाखवले. पाश्चात्त्य वाद्य बनवणाऱ्याला तारेची ही कुरकुर दोष वाटली असती. आपण मात्र गळ्याची स्तुती करतानाही ‘जवारीदार आवाज’ म्हणतो.

हे नातवाला सांगितले, तेव्हा त्याच्या डोक्यात एक प्रयोग आला. मॉडेलरमध्ये स्पीकरच्या खोक्याची नक्कल वेगळी साठवलेली असते. खोक्यात एक क्षणिक ध्वनी सोडून त्याचा प्रतिसाद टिपला की ती तयार होते. “मग खोक्याऐवजी भोपळा का नको?” त्याने माळ्यावरून तानपुरा उतरवला, तारांवर कापड गुंडाळले, घोडीवर बोटाने टिचकी मारली आणि भोपळ्याचा हुंकार टिपला. तो प्रतिसाद मॉडेलरमध्ये भरून त्याने गिटार छेडली. स्वर बदलला. त्यात गोलाई आली, पोकळी आली आणि जुन्या लाकडाची ऊब आली. वडील षड्ज लावीत तेव्हा माजघरात जे भरून राही, त्याची पुसट खूण मला पटली. डोळे ओलावले, हे लपवीत नाही.

पण जवारी आली नाही. त्याने खरखर वाढवली, घटवली, निरनिराळे व्हॉल्व्ह पालटून पाहिले. स्वर कधी करवादला, कधी गेंगाणा झाला, पण झंकारला नाही. दोन दिवसांनी कारण त्यानेच सांगितले. टिचकीचा प्रतिसाद भोपळ्याचा स्वभाव सांगतो, कारण भोपळा येईल त्या स्वराला एकाच रीतीने वागवतो. व्हॉल्व्हची खरखर स्वर तारेतून निघाल्यानंतर त्यावर चढते. जवारी मात्र तारेच्या कंपनातच घडते. तार किती जोराने हलते, घोडीला कुठे आणि किती वेळ टेकते, यावर ती क्षणाक्षणाला बदलते. या हालचालीचे गणितही मांडता येते आणि शास्त्रज्ञांनी ते मांडले आहे. पण आमच्या घोडीचा उतार त्या गणितात भरायचा तर तो आधी घोडीवर असायला हवा होता, आणि तो तर झिजून गेलेला.

यंत्राविषयी माझ्या मनात अढी नाही. 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. त्याने पेटी मागे पडली नाही. 1967 साली ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत बासरी आणि संतूरच्या पंक्तीला बसली. 1979 साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला आणि एकट्याने रियाज करणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांची सोय झाली. जवळच्या माणिकनगरच्या दत्तजयंतीच्या संगीत दरबाराची परंपरा ऐकत आपण वाढलो, म्हणून नव्या आवाजाला दार लावावे असे मुळीच नाही. नातवाचा प्रयोग मला शिकवून गेला तो एवढाच: नक्कल कितीही सूक्ष्म असो, तिला अस्सल कुठेतरी जिवंत लागते. व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर जपणारे लोक आहेत, म्हणून त्यांच्या नकला होतात. घोडीला उतार देणारा हात उद्या नसला, तर यंत्र टिपणार तरी काय?

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाने कानस चालत नाही. ती चालते घराघरांतून दुरुस्तीला येणाऱ्या वाद्यांवर. आपल्यासारख्या जुन्या कुटुंबांच्या माळ्यांवर अशी किती वाद्ये गवसणीत निजली असतील, याचा प्रत्येकाने विचार करावा.

खाणावळीच्या मालकाला मी नकार कळवला. उन्हाळ्याच्या सुटीत नातू आणि मी तानपुरा घेऊन मिरजेला जाणार आहोत. जवारी काढताना पाहावे आणि कारागिरांची परवानगी मिळाली तर कानशीचा आवाजही टिपावा, अशी त्याची इच्छा आहे. भोपळा मांडीवर कोणी धरायचा, यावर मात्र आमचे अद्याप एकमत झालेले नाही.