धांवत्या वाहनांतील कॅमेरा

बोइसरला लागून असलेल्या सरावलीहून पूर्वेस जव्हारकडे निघालें, कीं डोंगर लागतो. अशा खडबडीत वाटांवर जीपगाडी नेणारे हौशी लोक हल्लीं गाडींतच कॅमेरा बसवून प्रवासाचें चित्रण करतात. या युक्तीचें मूळ मात्र शंभर वर्षांहून जुनें आहे.

चलच्चित्रें घेणाऱ्या आद्य भारतीयांत सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांची गणना होते. मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती त्यांनीं १८९९ सालीं टिपली. त्या काळीं बहुधा कॅमेरा तिपाईवर स्थिर असे व माणसें त्याच्यापुढें हालत. हा क्रम १८९६ सालींच व्हेनिसमध्यें ल्यूमिएर बंधूंच्या पदरच्या प्रोमिओनें उलटविला होता. त्यानें कॅमेरा नावेंत ठेवला आणि पडद्यावर काठचे वाडे चालूं लागले. १८९७ सालीं अमेरिकेंत कॅमेरा आगगाडीच्या अग्रभागीं चढला.

नावेस पाणी असतें, आगगाडीस रूळ. जीपगाडीच्या वांट्यास दगडधोंडे. म्हणून तेथें बांधणीस महत्त्व. लांब दांड्याच्या टोकावरील कॅमेरा प्रत्येक धक्का वाढवितो. गाडीच्या सांगाड्यास आंखूड पकडीनें आवळलेला कॅमेरा गाडीशीं एकजीव होतो. रुंद दृष्टीच्या भिंगानें थरथरही कमी जाणवते.

सावेदादांचें तें कुस्तीचें चित्र आज पाहावयास मिळत नाहीं. तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि सरावलीच्या परिसराचें रूप पालटलें. आजच्या वाटाही उद्यां अशाच पालटतील. म्हणून कॅमेरा घट्ट बांधणें हें अर्धें काम. चित्रणासोबत स्थळ व तारीख नोंदवून त्याची दुसरी प्रत जपणें हें उरलेलें अर्धें होय.