गिरगांव कीं दादर?

१९३० च्या सुमारास मुंबईंत चार पैसे गांठीस बांधलेल्या मराठी गृहस्थापुढें एक प्रश्न हटकून उभा राही: घर करावयाचें तें गिरगांवांत, कीं दादरला? घर करण्याचा तेव्हांचा अर्थ मात्र आजच्याहून निराळा होता. इमारतींतील एकच बिऱ्हाड विकत घेण्याची पद्धति रूढ झालेली नव्हती. मालकीच्या ब्लॉकांचा कायदा तर १९६३ सालचा. गिरगांवांत घर घेणें म्हणजे भाडेकरूंसकट एखादी जुनी चाळ घेणें, आणि दादरला घेणें म्हणजे मोकळा प्लॉट दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें घेऊन त्यावर इमारत उठविणें. दोन्हीकडे स्वतःपुरती जागा ठेवून उरलेल्या जागेच्या भाड्यावर म्हातारपण काढावें, हा हिशेब मात्र सारखाच.

गिरगांवाचा मोह मोठा होता. आंग्रेवाडी, झावबावाडी, फणसवाडी, कांदेवाडी या नांवांतील ‘वाडी’ शब्दच तेथील जुन्या बागाइतीची आठवण देतो. बागा गेल्या आणि त्या जागीं चाळी आल्या. दोन खोल्या, पुढें सामायिक गॅलरी, टोंकाला सामायिक नळ आणि शौचकूप. एवढ्या जागेंत आठ-दहा माणसें राहत; कोंकणांतून नोकरीसाठीं आलेला पुतण्या अंथरूण घेऊन गॅलरींत निजे. पण मुलीचें लग्न निघालें कीं शेजारचीं चार बिऱ्हाडें आपापल्या खोल्या रिकाम्या करून देत. शाळा, वैद्य, वाणी, पुरोहित हांकेच्या अंतरावर. कोटांतल्या कचेरीस चालत जातां येई. मुंबईंतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालीं येथल्याच केशवजी नाईकांच्या चाळींत बसला. अशी सोबत सोडून भातखाचरांच्या मुलखांत कोणी जावें?

जावें असें वाटूं लागलें तें प्लेगमुळें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं त्या रोगाचें निदान केलें, आणि पुढच्या कांहीं महिन्यांत लाखों लोक शहर सोडून गेले. दाट वस्तींतील अंधार व कोंदट हवा हेंच रोगाचें मूळ, असें त्या वेळच्या अधिकाऱ्यांना वाटे. १८९८ च्या कायद्यानें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते कापणें आणि उत्तरेस दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती वसविणें, हीं त्याचीं मुख्य कामें. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम पुढें मांडला. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल, तर मध्यें निदान वीस फूट जागा उघडी हवी. तरच तळमजल्याच्या खोलींत पुरेसा उजेड येतो. गिरगांवच्या किती बोळांना हें माप लागूं पडलें असतें?

तरीहि दादरची हिंदु कॉलनी एका दिवसांत भरली नाहीं. पहिली अडचण अंतराची. ती रेल्वेनें सोडविली. १९२५ सालीं मुंबईंत विजेची पहिली गाडी धांवली, १९२८ मध्यें बी. बी. सी. आय. रेल्वेनेंहि ती सुरू केली, आणि दादरला तर दोन्ही रेल्वेंचीं स्टेशनें. दुसरी अडचण अधिक नाजूक होती. नव्या ब्लॉकांत शौचकूप घरांतच असे, आणि सोंवळें पाळणाऱ्या घरांतील वडीलधाऱ्यांना तें पटेना. मग तें स्वयंपाकघरापासून शक्य तितकें दूर, मागील अंगास काढीत, आणि सफाईस येणाऱ्या माणसाला मागचा निराळा जिना देत. नव्या नकाशांत जुनी अस्पृश्यता अशी जिन्यासकट बांधली गेली; उजेडाचें माप घेणाऱ्यांनीं तिचें माप घेतलें नाहीं.

या दोहोंपैकीं एक निवडण्याची मुभा तरी सर्वांना कोठें होती? गिरगांवच्या कित्येक वाड्यांत जात विचारल्यावांचून खोली मिळत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें बिऱ्हाड अनेक वर्षें परळला ट्रस्टच्याच एका चाळींत, दोन खोल्यांत होतें. पुढें त्यांनीं हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ बांधलें. तें बांधतांना मुख्य चिंता होती पुस्तकांची, तीं मावतील अशा जागेची.

दादरची ओढ वाढतच गेली. शिवाजी पार्कचें मैदान १९२५ मध्यें लोकांस खुलें झालें होतें, १९३७ मध्यें रुइया कॉलेज निघालें. कॉलेजसाठीं मुलांना दक्षिणेकडे धाडण्याचें कारण उरलें नाहीं. मुलांचें शिक्षण, हवा आणि उजेड एवढ्याच गोष्टी तोलल्या, तर दादर घेणाऱ्याची निवड निःसंशय शहाणपणाची होती.

भाड्याचा हिशेब मात्र दोघांचाहि चुकला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं चालू असलेलें भाडें हेंच साधारणतः प्रमाण ठरलें. महागाई वाढत गेली, भाडें जवळपास तेथेंच राहिलें, आणि चाळीचा मालक डागडुजीला पैसा कोठून आणावा या विवंचनेंत पडला. दादरच्या मालकाचेंहि वरच्या मजल्यांचें उत्पन्न तसेंच आटलें; स्वतःच्या खिडकींतला उजेड तेवढा त्याच्या पदरीं राहिला. घर घेण्याची ऐपत नाहीं म्हणून गिरगांवच्या दोन खोल्यांत मुकाट्यानें राहिलेल्या भाडेकरूचे नातू मात्र पुढें कित्येक वर्षें आजोबांच्या वेळच्याच भाड्याची पावती फाडून घेत होते.